हाताला बोट

अल्लीपूरचा नत्थू सुतार तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैल घडवायचा. चाकांवरचे, रंगीत झुलीचे, एकदम झकास. पण पंचावन्न सालच्या पोळ्याआधी त्यानं बैल सोडून भलतंच काढलं. जर्मनांचा रणगाडा!

आणि अंदाजपंचे नाही, बरं का. लढाईत नत्थू इटलीत होता. पट्टा तुटला म्हणून जर्मनांनी टाकून दिलेला तो टायगर रणगाडा त्यानं स्वतः सुतळीनं मोजला होता. चौदा हात लांब, आठ हात रुंद. गाठी मारलेली ती सुतळी अकरा वर्षं पेटीत होती. आता सुतळीवरच्या दर हाताला एक बोट असं माप धरून त्यानं तोफेसकट सगळं सागवानात उतरवलं.

त्याच रणगाड्याखाली बापूराव गेला होता. नत्थूसोबत भरती झालेला, तानाबाईचा एकुलता एक. दोघं एका चरात लपले होते. रणगाडा चरावर आला, जागच्या जागी गरगर फिरला आणि चर बुजला.

घरी येऊन नत्थूनं थाप मारली, बापू दवाखान्यात तापानं गेला, शांतपणे गेला. भलं करायला गेला आणि म्हातारीच्या जिवाला घोर लावून बसला. तिला वाटे, पोर कमजोर निघालं ते तान्हेपणी आपलं दूध आटलं म्हणूनच. तेव्हापासून तिनं दुधाचा थेंब तोंडात घेतला नव्हता. नत्थूला ते बघवेना, अन् तोंडानं खरं सांगवेना. पोळा झाला की हा रणगाडा तिच्यापुढं ठेवून सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

पण त्याची सात वर्षांची नलू भारी आगाऊ! तान्ह्या पोळ्याला तिनं रणगाड्याला दोरी बांधली आणि बैलांच्या रांगेतून ओढत थेट तानाबाईच्या दारात नेला. नत्थू धावत पोचला तेव्हा तानाबाई रणगाड्याला कुंकू लावून ओवाळत होती. पोरांना द्यायचा बोजारा म्हणून तिनं नलूच्या हातावर करंजीही ठेवली होती.

"मजबूत गाडा घडवला रे. माह्या बापूनं पाह्यला पायजे होता."

नत्थूनं नलूच्या हातातली दोरी काढून घेतली. "मावशी, बापू तापानं नाई गेला. या गाड्यानंच चिरडलं त्याले. तुह्या दुधाचा काई दोष नाई."

तानाबाईनं थाळी खाली ठेवली. पदरानं ते कुंकू पुसलं, परत परत पुसलं. मग विचारलं, "आन् तू कुठी होता?"

रणगाडा येताना दिसला तसा बापूला हलू नको म्हणून सांगून नत्थू स्वतः चरातून निसटला होता.

"पळालो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तानाबाई दूध पिऊ लागली. नत्थूशी मात्र ती मरेपर्यंत बोलली नाही.