पडद्यावरचे बाबा

ज्यू चित्रपट महोत्सवाचं निमंत्रण दर वर्षी येतं. त्या गुळगुळीत कागदाचा वास नाकात गेला की माझं डोकं तापतं.

आम्ही मुरबाडचे बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. बाबांनी तिथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईहून माहितीपट करणारे आले. बाबा दोन दिवस त्यांच्याशी भरभरून बोलले. शाळा, प्रार्थना, नवसाचा गोड पोह्यांचा मलिदा, जवळच्या म्हसा गावची जत्रा, सगळंच. निघताना त्यांनी बाबांना शेजारच्या गावातल्या तेलघाण्यापाशी उभं केलं. "तुमच्या समाजाचा जुना धंदा म्हणून जरासं," म्हणाले.

तो माहितीपट मुंबईच्या महोत्सवात दाखवला, तेव्हा आम्ही इस्त्रीचे कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर बाबांचे ओठ हलत होते, पण आवाज इंग्रजी निवेदकाचा होता. हा इथला शेवटचा यहुदी तेली, तो सांगत होता, निरक्षर पण श्रद्धाळू. लोक हळहळले आणि टाळ्या पडल्या.

बाबा उठून उभे राहिले. "ओ, थांबा! तेली माझे पणजोबा होते. मी मास्तर हाय. माझं बोलणं कुठं गेलं?"

माना वळल्या. कोणीतरी हसलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची बाही ओढली. "बाबा, बसा ना! शोभतं का हे?"

ते बसले.

त्या लोकांचा राग अजून येतो. पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. अख्ख्या सभागृहात खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी गप्प बसवलं.