व्हिलाच्या मागच्या खोल्या

ऋताने माझ्या हातात ट्रे दिला. इतिहासाच्या तासाला वर्गापुढे टेबलं जोडून आमच्या गटाने रोमन जमीनदाराचा व्हिला मांडला होता. पुढे मेजवानीचा दिवाणखाना. मागे कोठार, द्राक्षं तुडवायचा हौद, गोठा, आणि गोठ्याला लागून गुलामांच्या खोल्या. आजूबाजूचं सगळं शिवार या एका घरासाठी राबायचं. ऋता झाली मालकीण. मी गुलाम. खरं तर चिठ्ठ्या टाकायचं ठरलं होतं. टाकल्या नाहीत.

एका मुलीने विचारलं, "हिलाच का?"

ऋता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "तिला ॲक्टिंग करावी लागत नाही, लाह. तिचे डॅड ओरिजिनल स्लेव्ह आहेत. अजून मालकाच्या गोठ्याशेजारी झोपतात."

वर्ग हसला. फार नाही, थोडासा. सरही.

माझे वडील सालगडी आहेत. पाडव्याला बोली होते, मग वर्षभर मालकाच्या मळ्यावर. मी तिथल्याच पत्र्याच्या खोलीत वाढले आणि शिष्यवृत्तीवर इथे आले. सिंगापुरात हे फक्त ऋताला माहीत होतं. आम्ही दोघी पुलाउ उबीन बेटावर सायकली घेऊन गेलो होतो. तिथलं एक जुनं पत्र्याचं घर बघून मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तिने माझा हात धरून ठेवला होता. सेरंगून भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले की ऋताची आई, काकू, मला आग्रहाने पोळी वाढायच्या. आपलं माणूस भेटलं, असं मी घरी फोनवर सांगितलं होतं.

मी ट्रे खाली ठेवला.

"मी हे करणार नाही."

सर म्हणाले, गटाचे मार्क मिळणार नाहीत.

"नकोत. मी एकटी सादर करते."

मी वर्गाबाहेर पडले. ऋता मागोमाग आली. "अगं, गंमत केली. किती मनाला लावून घेतेस. तूच तर सांगितलं होतंस."

"तुला सांगितलं होतं."

"मग मी खोटं बोलले का?"

खोटं नव्हतंच ते. पण ते सांगण्याचा हक्क तिचा नव्हता.

सरांनी पुढच्या आठवड्यातला तास मला दिलाय. तेव्हा मी एकटी उभी राहीन. दिवाणखान्यापासून नाही, मागच्या खोल्यांपासून सुरुवात करीन. माझे वडील सालगडी आहेत, गुलाम नाहीत, हे मीच सांगेन. दोघांत फरक किती आणि किती नाही, तेही सांगेन. माझं इंग्रजी अडखळेल. ऋता समोर बसलेली असेल. तिने मान खाली घातली, तरी मी थांबणार नाही.