मागाच्या घरातून आणलेली कमळ

अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही; चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. कुणाच्या हाती ही वही पडलीच, तर सांभाळून घ्यावं. सोलापूरचा हा प्रवास मला विसरायचा नाही, म्हणून लिहिते.

माझी लेक कमळ दोन महिन्यांची असताना मला छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी मूल दूर ठेवायला सांगितलं. माझे दादा सोलापुरात गिरणीत कारकून. त्यांच्या शेजारी नरसम्मा राहते, तेलुगू विणकराची बायको. तिचं तान्हं नुकतंच गेलेलं, अंगावर दूध होतं. तिने कमळला पदराखाली घेतलं. त्याला दोन वर्षं झाली. आता मी बरी झाले, तेव्हा दादा मला न्यायला बार्शीला आले.

छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठी गाडी. दोन्हीकडे काळी रानं. ज्वारी निघालेली, धसकटं तेवढी उभी. दादांनी घेतलेले चुरमुरे माझ्या पदरातच राहिले. मी मनात एकच घोकत होते, "ये गं कमळ, मी तुझी आई." गिरण्यांची धुराडी दिसली तशी मी गाडी थांबायच्या आधीच उठून उभी राहिले.

नरसम्माचं घर म्हणजे एकच खोली, अर्धी मागाने भरलेली. तिचा नवरा खड्ड्यात पाय सोडून विणत होता. खटाक्-खट, खटाक्-खट. कमळ कांड्यांच्या (सुताच्या नळ्यांच्या) टोपलीशी बसली होती. जवळ जाऊन मी घोकलेलं म्हटलं. तिने मानही वर केली नाही. पुन्हा म्हटलं. ती उठून नरसम्माकडे गेली आणि ओरडली, "अम्मा, एवरू?" (कोण?)

नरसम्माने भात आणि चारू (चिंचेचं सार) वाढलं. मी विचारलं, "पहिलं काय बोलली?"

"अम्मा. मग पालू, म्हणजे दूध. मग एक दिवशी दोन जोडलं, पालू कावाली, दूध पायजे. आमचे हे माग थांबवून हसले."

माग थांबला होता, आणि मी बार्शीला खाटेवर पडून होते.

"मराठी कळते तिला?"

"कळते की. मी बोलते रोज, मोडकी-तोडकी. तुमची लेक तुमाला परत द्यायची हाय, मुकी कशी देऊ?"

"मग माझ्याशी बोलत का नाही?"

नरसम्मा हसली. "बाई, तुमी बोललात कुटं? ओठ हलवलेत. हितं सगळं मागाच्या वर बोलायचं. हळू बोललं की तिला वाटतं, तुमी देवाला बोलताय."

"लग्नातला उखाणासुद्धा हिने करवलीच्या कानात घेतला होता," दादा म्हणाले.

मी उभी राहिले. समोर परका पुरुष, माग चालू. डोळे मिटून ओरडले, "कमळ! इकडे ये!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कमळने वळून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तेवढ्याच जोरात म्हणाली, "लेदू! मी न्हाय येत!"

नकार होता, पण तो मला होता.

तीन दिवस मी ओरडत राहिले, घसा बसला. चौथ्या दिवशी ती आपण होऊन मांडीवर आली. निघताना नरसम्मा दारात आली नाही. "मी दिसले तर ती उतरंल," म्हणाली, आणि आत कांड्या भरत बसली. टांगा हलला. कमळ "अम्मा!" म्हणून हाका मारत होती. आतून मागाचाच आवाज येत होता.

घरी सगळं शांत असतं. कमळ बोलली की गल्ली ऐकते. काल म्हणाली, "आई, पाणी कावाली!"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, नीट शिकीव की तिला. हे काय तेलंगी?"

मी पाणी दिलं. शब्द दुरुस्त केला नाही. दुधाच्या दातासारखा तो एक दिवस आपोआप पडेल, आणि नरसम्माच्या घरचं तिच्या तोंडी काही उरणार नाही. तिला ते कळणारही नाही. तिचा पहिला शब्द मला ऐकता आला नाही. हा जाईल तेव्हा मात्र मी जवळ असेन.