घर झोपलेलं असताना

घरात तिला सगळे मनी म्हणत, कारण ती मांजरासारखी चाले, पावलाचा आवाज नाही. त्यात तिचं काही कौतुक नव्हतं, घरच तसं होतं. बाबा बेकरीत भट्टीवर, कायमची रात्रपाळी. सकाळी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन यायचे, आंघोळ करून दोन घास खायचे आणि आडवे व्हायचे. घर म्हणजे एक खोली आणि पडद्याआड ओटा. त्यामुळे दिवसभर घराच्या तोंडाला कुलूप. शिवणयंत्र बाबा कामावर गेल्यावरच चाले, कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅस बंद करी. मनी तर कीबोर्डखाली जुना टॉवेल घालून प्रोग्रामिंग शिकली.

अशी मुलगी इंटर्नशिपच्या मुलाखतीत आपटली, यात नवल ते काय? पहिल्या कंपनीने प्रश्न घातला, मनीने खाली मान घालून बिनचूक सोडवला. नंतर कळवलं गेलं, की उत्तर बरोबर आहे, पण तुम्ही विचार कसा करता ते समजलंच नाही. दुसऱ्या कंपनीनेही तेच ऐकवलं. आता तिसरी एकच उरली होती, आणि इंटर्नशिप मिळाली नाही तर कॉलेजचं वर्ष वाया जाणार होतं.

मनी रडली नाही, चिडली. बोलल्याशिवाय चालत नाही ना, मग बोलू. ती रोज गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला प्रोग्राम समजावून सांगू लागली. ही ओळ का लिहिली, ती का खोडली, सगळं मोठ्याने. वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या शेजारीण काकू तिच्याकडे बघत लांबून जायच्या. टाकीने मात्र कधी तक्रार केली नाही.

मुलाखत भर दुपारी, व्हिडिओवर होती. मैत्रिणीच्या घरी बसायचं ठरलं होतं, तर ऐन वेळी तिच्याकडची वीज गेली. गच्चीवर नेट पोचत नव्हतं. शेवटी मनी ओट्याला टेकून बसली. पडद्यापलीकडे बाबा घोरत होते.

प्रश्न सोपा होता: दुकानात आलेल्या ऑर्डरींमधून दोनदा आलेली ऑर्डर शोधायची. मनी बोलू लागली, पण कुजबुजत. समोरच्या बाईंनी आवाज येत नसल्याचं सांगितलं. मनीने आवाज दोऱ्याएवढा वाढवला. गच्चीवरची वाघीण इथे पुन्हा मांजर झाली होती. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा कंटाळून. मनीला वाटलं, संपलं.

तेवढ्यात पडद्यापलीकडचं घोरणं थांबलं.

"मने, मोठ्याने बोल. मी जागाच आहे."

चक्क थाप होती. पण त्या थापेने मनीची कुजबुज संपली. ती बोलत सुटली. मध्येच चुकली आणि तेही तिने मोठ्यानेच सांगितलं: "थांबा, हे चुकलं. ऑर्डर एकही नसेल तर हा प्रोग्राम बंद पडेल." चूक दुरुस्त करताना ती हसलीसुद्धा. बाईही पुढे सरकून ऐकू लागल्या. पलीकडे खाट करकरली. बाबा उठून बसले होते आणि एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत ऐकत होते. त्या रात्री भट्टीवर त्यांना किती जांभया आल्या असतील, देव जाणे.

पुढच्या आठवड्यात दुपारीच मेल आला. बाबा झोपलेले, आई खिडकीशी हातशिलाई करत होती. मनीचा चेहरा बघून तिला सगळं कळलं, आणि सवयीने तिचं बोट ओठांवर गेलं. मनी पडदा सारून खाटेशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, मला घेतलं."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. भुवया तेवढ्या वर गेल्या.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "मोठ्याने सांग."