नसरीनचं भेव

शिबिराच्या गावात जीप थांबली की आम्ही भराभर उतरायचो. नसरीन मात्र आधी वाकून बुटांच्या नाड्या आवळायची. सलवार-कमीजवर धावायचे बूट. कुणी हसलं की म्हणायची, "हसा. पळाची पाळी आली का तुमच्या चपला इथीच राह्यतीन, मी पुढं असन."

ती बल्लारपूरच्या एका शिंप्याची मुलगी. चंद्रपुरात कायदा शिकताना माझ्या वर्गात होती. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही विद्यार्थी जंगलातल्या गावांत जायचो, लोकांना त्यांचे हक्क सांगायचो, फुकट वकील कसा मिळतो ते समजावायचो. नसरीन कुत्र्यांना भ्यायची, घुग्घुसच्या रस्त्यावरच्या ट्रकना भ्यायची, प्राचार्यांना तर फारच. आम्ही आमची भीती लपवायचो, ती सरळ सांगून टाकायची, "मले तं लय भेव लागते बाप्पा." गावकऱ्यांसमोरही तिची सुरुवात ठरलेली असे: "भेव लागणं काही गुन्हा नाई. कोणत्याच कलमात नाई. मी पाह्यलं."

त्या दिवशी कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या ओसरीवर शिबिर होतं. मोहफुलांचे दिवस होते, हवेत तो गोड उग्र वास भरलेला. नसरीन अटकेचे नियम सांगत होती. मागे बसलेली एक बाई उठली. मैनाबाई. ती म्हणाली, "माह्या दसरूले काल सकाळी नेलं. मोहफुलं येचून राह्यला होता. ठाण्यात गेली तं म्हणते, इथी नाई."

एक म्हातारा उठून गेला, मग दोघे, मग बायका. बघता बघता ओसरी रिकामी झाली.

आमचे सर बाकीच्या विद्यार्थ्यांना घेऊन दुसऱ्या गावात होते, फोनला रेंज नव्हती. मी म्हणालो, "कुरखेड्याला जाऊन वकिलांना सांगू." नसरीनचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "सांगूच. पण ठाणं जवळच आहे ना? आधी पुसून घेऊ."

ड्रायव्हरने जीप ठाण्याआधीच्या वळणावरच उभी केली. पुढे यायला तो तयार नव्हता. मैनाबाई, नसरीन आणि मी चालत निघालो. काटेरी तारा, वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यावरून आमच्याकडे वळलेली बंदुकीची नळी. "थांबा तिथंच!" असा आवाज आला. नसरीन माझ्या बाहीला धरून होती. तिने बाही सोडली आणि दोन्ही हात वर केले.

"आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहो, साहेब. वकील नाई. या बाईचा मुलगा कुठी आहे, एवढंच पुसाचं आहे."

अधिकारी बाहेर आला. आमची ओळखपत्रं हातात घेऊन त्याने सावकाश वाचली. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाई, साहेब."

"असा कुणी माणूस इथं नाही. निघा."

आम्ही वळणार, इतक्यात मैनाबाईने हाक मारली. "दसरू!" एवढंच, पण सगळा जीव ओतून. मग आतून, भिंतीपलीकडून, एक घोगरा आवाज आला, "याया!" गोंडीत आईला याया म्हणतात.

अधिकाऱ्याने नजर आमच्यावरून हलवली नाही. "चौकशीसाठी आणलंय. झाली की सोडू."

मला तिथून निघायचं होतं, बाकी काही नको होतं. नसरीनचे दात वाजत होते. तशीच ती म्हणाली, "साहेब, मले तुमचं भेव लागून राह्यलं. पण त्याले काल सकाळी आणलं. चोवीस तास होऊन गेले. त्याले आजच कोर्टात न्या लागते."

त्याने ओळखपत्रं पुन्हा एकदा उलटून पाहिली. मग ओळखपत्र परत देताना म्हणाला, "बल्लारपूरची ना? घरी कोण कोण असतं?"

नसरीनने ओळखपत्र घेतलं आणि मैनाबाईचा हात धरून वळली.

परतीच्या वाटेवर मागून मोटारसायकलचा आवाज आला की आम्ही श्वास रोखायचो. मैनाबाईला गावाच्या अलीकडेच उतरवलं. ठाण्याच्या दारात आमच्यासोबत ती कुणाला दिसली असेल, तर जंगलातले नक्षलवादी तिला पोलिसांची खबरी समजतील, ही भीती वेगळीच. ते नसरीनच्याच ध्यानात आलं होतं, आणि मग ती कुरखेड्यापर्यंत रडत होती. तिथे विधी सेवा समितीच्या वकिलांनी लगेच अर्ज केला. संध्याकाळी दसरूला कोर्टात उभं केलं. वकिलांनी त्याला सदरा वर करायला सांगितला. न्यायाधीशांनी त्याची पाठ पाहिली आणि त्याला दवाखान्यात पाठवलं. पुढे काही महिन्यांनी तो जामिनावर घरी आला.

त्याआधीच नसरीनच्या अब्बांच्या दुकानात अनोळखी माणसं येऊन बसू लागली होती. कापड शिवायला टाकत नसत, नुसती बसत. पुढच्या शिबिराला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मग एके दिवशी पुन्हा जीपमध्ये दिसली. पायात तेच धावायचे बूट.

आता मी नागपुरात एका कंपनीत कायद्याचं काम बघतो. ती गडचिरोलीला वकिली करते, बहुतेक खटले मोफतचे. मागे तिला कोर्टात भेटायला गेलो होतो. काळ्या कोटात ती पायऱ्यांवर उभी होती, ओठ कोरडे, घामाघूम.

"अजून भीती वाटते?" मी विचारलं.

"रोजच."

"मग का करतेस हे?"

आतून तिच्या पक्षकाराच्या नावाचा पुकारा झाला. ती वळली.

"जाऊ दे मले," ती म्हणाली. "आत जो उभा आहे ना, त्याले माह्याहून जास्त भेव लागून राह्यलं असन."