रस्त्याकडची ताडपत्री

आज सकाळी घरामागच्या कोळशाच्या ढिगावर टँकरनं पाणी मारताना पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी महिनोन्महिने कोरडा पडलेला हा ढीग, त्याला आजच आंघोळ कशाला?

शेजारची सुमन हसली. "काकू, तुम्हाला मेलं काही चांगलं दिसतच नाही. ताडपत्रीसुद्धा घातलीय की!"

"घातलीय गं, पण रस्त्याकडूनच. गच्चीवर ये, दाखवते."

आमच्या बाजूला ढीग उघडाच होता. आता खोटं कशाला बोलू, पाहुणे यायचे म्हटले की मीही पसारा पलंगाखाली ढकलते. पण पलंगाखालचा पसारा कुणाच्या छातीत जात नाही. आमच्या ह्यांना दमा आहे.

दुपारी तपासणीचे साहेब आले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. रस्त्यावरूनच ताडपत्री बघून मान डोलावली नि गेले. पाठोपाठ टँकरही गेला.

संध्याकाळी हे म्हणाले, "आज खोकला नाही गं. हवा पालटली वाटतं."

मी "हो" म्हटलं. खिडकीला बांधलेलं फडकं मात्र सोडलं नाही, उलट पुन्हा ओलं करून घट्ट बांधलं.