डाव्या पेटीत जड ठेवू नका

ती मोटारसायकल आजही डोळ्यांपुढे उभी राहते. राखाडी रंगाची, लांबच्या प्रवासाची, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावलेली. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. मुलुंडच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. लोकांना माझ्याकडून खून-दरोड्याच्या गोष्टी ऐकायच्या असतात. मला स्वतःहून सांगावंसं वाटतं ते हे प्रकरण.

सकाळची हजेरी आटोपली होती. चाळिशीचे एक गृहस्थ लेखी तक्रार घेऊन आले. त्यांचे वडील घाटकोपरच्या जुन्या घरात एकटे राहत. काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि मुलाने त्यांना मुलुंडला स्वतःकडे आणलं. मग एक दिवस वडिलांच्या मोबाइलवर विम्याची मुदत संपत आल्याचा मेसेज आला. वडिलांच्या नावावर एक मोटारसायकल आहे, हे मुलाला तेव्हा कळलं.

"साहेब, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उजवा पाय वाकतच नाही. मी त्यांना रिक्षातसुद्धा मधे बसवतो. त्यांच्या नावावर बाईक येईल कुठून? कोणीतरी त्यांची कागदपत्रं वापरलीत."

"त्यांना विचारलंत?"

"मेसेज दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. घाबरलेत ते. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना त्रास होईल असं काही विचारू नका."

आमच्या ठाण्यात मालवणकडचे एक जुने हवालदार होते. वाहनचोरीच्या तपासात त्यांची हयात गेलेली. आसपासचा कोणीही सेकंडहँड गाडी घ्यायला निघाला की आधी नंबर घेऊन यांच्याकडे येई. ठाण्यात तक्रारींपेक्षा तुमच्या सल्ल्यालाच गर्दी जास्त, असं मी त्यांना चिडवत असे. तक्रारीतला गाडीचा नंबर वाचून ते थबकले.

"साहेब, ही गाडी परवाच माझ्याकडे आली होती. म्हणजे नंबर. शाळेतले एक मास्तर घेतायत. त्यांना आणि मिसेसना फिरायची हौस आहे. मी बोललो, थांबा जरा. पेपर ओके आहेत, पण विकणारा मालक नाय."

"मग चोरच."

"चोर चेक मालकाच्या नावाने मागेल काय?"

मास्तरांना सांगून आम्ही त्या विकणाऱ्या माणसाला भांडुपच्या एका चहावाल्यापाशी बोलावलं आणि साध्या कपड्यांत तिथे जाऊन थांबलो. तो त्याच गाडीवरून आला. पंचविशीचा, सडपातळ, शर्ट नीट खोचलेला. आम्ही ओळख सांगितली तेव्हा तो पळाला नाही, वादही घातला नाही. त्याच्या पिशवीत गाडी नावावर करण्याचे फॉर्म निघाले, त्यांवर तक्रारदाराच्या वडिलांची सही.

ठाण्यात त्याने नाव-पत्ता व्यवस्थित सांगितला. तक्रारदाराच्या वडिलांच्याच घाटकोपरच्या इमारतीत तो खालच्या मजल्यावर राहत होता. एसटीत चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी व्हायची होती. इथपर्यंत तो मोकळेपणाने बोलला. पुढे मात्र तो मोजकंच बोलायला लागला.

"गाडी कोणाची?"

"काकांची."

"तुझ्याकडे कशी?"

"त्यांनी विकायला दिली."

"मुलगा म्हणतो सही खोटी आहे."

"खरी आहे, सर."

"ज्याचा पाय वाकत नाही, तो माणूस गाडी घेतो कशाला?"

त्याने खोचलेला शर्ट पुन्हा नीट केला.

"हे बघ, गुन्हा दाखल झाला तर नोकरी विसर. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

"मग बोल ना, बाबा."

"काकांना शब्द दिलाय."

बाहेर मुलगा बसून होता आणि गुन्हा नोंदवा म्हणून आग्रह धरून होता. त्याचंही चुकत नव्हतं. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, दोन्हीला पुरेसा आधार कागदावर दिसत होता. मी लिहून घ्यायला सांगणार, एवढ्यात मला माझीच पडताळणी आठवली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. माझी फौजदार म्हणून निवड झाली तेव्हा एका शेजाऱ्याने जुन्या रागातून माझ्याविषयी भलतंच काही सांगितलं. चौकशीला आलेले जमादार ते ऐकून परत जाऊ शकले असते. ते उन्हातून आणखी दोन-चार घरं फिरले, माझ्या शाळेतल्या मास्तरांना भेटले आणि मगच अहवाल लिहिला. ते माझं काहीच देणं लागत नव्हते. माझी सगळी नोकरी त्या माणसाच्या त्या दुपारच्या पायपिटीवर उभी आहे.

हवालदार दारात आले. "साहेब, लिहायच्या आधी एकदा गाडी नीट बघू द्या."

आम्ही त्या तरुणाला घेऊन आवारात आलो. हवालदार गाडीपाशी उकिडवे बसले. धमकी देऊन झाली होती, समजावून झालं होतं. सहज म्हणावं तसं मी म्हणालो, "समज, रिटायर झाल्यावर ही गाडी मीच घेतोय. काय सांगशील मला?"

त्याने मान वर केली आणि तो बोलायला लागला.

"सर, सकाळी सुरू केल्या केल्या पळवू नका, थोडी गरम होऊ द्या. घाट उतरताना मागचा ब्रेक दाबून धरू नका, गिअरवर उतरवा. दुसरा गिअर थोडा अडतो, जोर करू नका, तो आपसूक पडतो. आणि डाव्या पेटीत जड ठेवू नका. तिकडे फक्त कपडे. पाणी, पाने-पक्कड, जे काय वजनाचं असेल ते उजवीकडे."

हवालदार हसले. "काय रे ड्रायव्हर, दोन्ही बाजूला वजन सारखं नको? गाडी एका अंगाला ओढेल ना."

"मागचा माणूस डावीकडे कलून बसतो ना, म्हणून..." एवढं बोलून तो एकदम गप्प झाला.

हवालदारांनी मागच्या सीटचा उजवा फूटरेस्ट चाचपला. तो मुद्दाम कापून, वीतभर पुढे घेऊन पुन्हा वेल्ड केलेला होता. ते स्वतः मागे बसले, उजवा पाय ताठ ठेवून त्यावर टेकवला, आणि त्यांचं अंग आपोआप डावीकडे सरकलं.

"साहेब, म्हातारा गाडी चालवत नव्हता. मागे बसत होता."

त्या तरुणाचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "तू शब्द मोडू नकोस. मी काकांनाच विचारतो."

संध्याकाळी मुलाबरोबर मी त्याच्या घरी गेलो. वडील खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. मी तक्रारीचं नावही काढलं नाही. "काका, मी रिटायर होतोय. तुमची गाडी घ्यावी म्हणतो. काही सांगायचंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. मग डावा हात खुर्चीच्या डाव्या बाजूला खाली नेला, पेटी लटकावी अगदी तिथे थोपटलं, आणि पंजा हलवून 'नाही' अशी खूण केली. तोच हात मोठ्या कष्टाने उजवीकडे नेऊन तिथे दोनदा थोपटलं.

"काय म्हणतायत?" मुलाने विचारलं.

दुपारी आवारात ऐकलेलं मी शब्दशः सांगितलं. मुलगा वडिलांसमोर जाऊन बसला.

"बाबा, तुम्ही मागे बसून फिरायचात? आणि मला सांगायचात की आत्याकडे जातोय?"

वडिलांच्या ओठांची एक बाजू हलली. ते हसत होते.

"कुठपर्यंत गेलात?"

त्यांनी हात उचलला. खांद्यापर्यंत, कानापर्यंत, मग डोक्याच्याही वर, जेवढा जाईल तेवढा. मुलाने तो हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मुलाने तक्रार मागे घेतली. उरलेलं त्या तरुणाने नंतर सांगितलं. गाडी काकांनी घेतली होती, चालवायचा तो. काकांनी धडधाकट असतानाच फॉर्मवर सह्या करून ठेवल्या होत्या. माझं अंग थकलं तर गाडी गंजू देऊ नको, फिरणाऱ्या माणसाला दे, आणि मुलाला कळू देऊ नको, तो धसका घेईल, असं त्यांचं सांगणं होतं. निवड झाल्यावर बाहेरगावी जावं लागणार म्हणून त्याने गिऱ्हाईक शोधलं होतं. त्याच्या पडताळणीत काही अडलं नाही.

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले ते त्यांच्याकडून काही काढून घेण्यासाठी. उत्तर देणाऱ्याने त्यामुळे अंग चोरलं तर नवल नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी संशयिताकडे सल्ला मागितला, आणि जिवापाड जपलेल्या वस्तूबद्दल बोलताना माणसाला खोटं बोलता येत नाही हे मला दिसलं. हे शिकायला निवृत्तीचं वर्ष उजाडलं, पण शिकायला मिळालं. त्याबद्दल मी हवालदारांचा ऋणी आहे, त्या मुक्या काकांचा आहे, आणि उन्हात फिरलेल्या त्या जमादारांचा तर आहेच.

गाडी न्यायला मास्तर आणि त्यांची पत्नी आले तेव्हा आम्हालाही बोलावणं होतं. मुलाने वडिलांना खुर्चीसकट खाली आणलं होतं. किल्ली वडिलांनीच दिली. मास्तरांनी गाडी सुरू केली, बाई मागे नीट बसल्या. मुलगा पुढे झाला आणि त्याने डाव्या पेटीवर हात ठेवला.

"ह्याच्यात जड काही ठेवू नका हं," तो मास्तरांना म्हणाला. "सगळं उजवीकडे."

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, ह्यांना सारखंच वजन लागणार. बाईंचा पाय वाकतो."

"माहीत आहे," मी म्हणालो. "सांगू दे त्याला."